पाव नंबराचा फरक

तक्त्याच्या तेवीस आवृत्त्या माझ्यासमोर आहेत. पहिलीत चौदा स्तंभ आणि नऊ ओळी आहेत. तेविसावीत दोन स्तंभ आणि एकसष्ट ओळी. पर्याय जसजसे संपत आले तसतशा शंका वाढत गेल्या, असा साधा अर्थ यातून काढता येतो. तक्ता करणाऱ्यांना तो मान्य नाही. "शंका पहिल्यापासून तेवढ्याच होत्या," ते म्हणतात, "लिहायला जागा नंतर मिळाली, इतकंच."

हे गृहस्थ एका छायाचित्र-संग्रहालयाची वेबसाइट सांभाळतात. हुद्दा तांत्रिक सहायक, वय अठ्ठेचाळीस, विभागात माणूस एक. खोलीत मात्र माणसे दोन, कारण खोलीचा खिडकीकडचा अर्धा भाग जुने फोटो स्वच्छ करणाऱ्या बाईंकडे आहे. दिवसभर हातात बारीक कुंचला असल्यामुळे त्यांना सगळे कुंचलेबाई म्हणतात, आणि यांना 'तराजूराव' हे नाव कुंचलेबाईंनीच दिले. फोटो ठेवण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे दोन नमुने एकदा आले होते. कोणता घ्यावा असे यांना सहज विचारले, तर यांनी दोन्ही खोकी टपालखोलीतल्या काट्यावर रिकामी तोलली, मग भरून तोलली, मग एक दिवस ओल्या फडक्याखाली ठेवून पुन्हा तोलली. वजने लिहिलेला कागद कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटवलेला आहे. निष्कर्षाची जागा रिकामी आहे.

या माणसाला तीन आठवड्यांत एक नाव निवडायचे होते. न निवडल्यास काय जाणार होते, ते आधी सांगायला हवे.

संग्रहात अडतीस हजार फोटो आहेत. वेबसाइटवर प्रत्येक फोटोची नोंद असते आणि त्या नोंदीत 'पाठ' नावाचा एक रकाना असतो: फोटोच्या मागे हाताने जे लिहिलेले असेल ते, जसेच्या तसे. 'हा मी नव्हे.' 'वाऱ्यामुळे सगळे असे दिसतो.' 'लवकर परत पाठव, आईला दाखवायचा आहे.' हा रकाना कोणी मागितला नव्हता. तराजूरावांनी तो अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या डोक्याने काढला आणि रोज दहा-बारा पाठी वाचून भरत नेला. मी संग्रहालयात प्रथम गेलो तो या रकान्यासाठीच. माझे संशोधन फोटोंच्या पाठींवर आहे. त्यामुळे या प्रकरणात मी पूर्ण तटस्थ आहे असा दावा मला करता येणार नाही.

वेबसाइट ज्या पायावर उभी होती तो एक मुक्त स्रोत प्रकल्प होता, म्हणजे कोणीही पाहावा, उचलावा, वापरावा असा उघडा ठेवलेला तयार कोड. असे प्रकल्प कुठेतरी कोणीतरी आपल्या सवडीने सांभाळत असते. हा सांभाळणारा एकटा होता. गेल्या वर्षी त्याने तीन ओळींची सूचना लावली: 'मी थकलो आहे. कोड इथेच राहील. तब्येत सांभाळा.' त्यानंतर काही बिघडले तर विचारायला कोणी उरले नाही. सहा वर्षांपूर्वी हा प्रकल्प तराजूरावांनीच निवडला होता, एका दुपारी, मुखपृष्ठ देखणे होते म्हणून. "तेव्हा तक्ता केला नाही," ते सांगतात. आवाज असा, की जणू त्या दुपारी ते घराचे दार उघडे टाकून निघून गेले होते.

संचालकबाईंनी मुदत दिली: शुक्रवारी अकराच्या बैठकीत नव्या पायाचे एक नाव सांगा. सांगता आले नाही तर एका कंपनीची तयार यंत्रणा घेऊ. त्या यंत्रणेत प्रत्येक फोटोसाठी दोनच रकाने होते, शीर्षक आणि वर्णन. 'पाठ'ला जागा नव्हती.

प्रकल्प टाइपस्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहिलेला असावा, एवढी एक गोष्ट तराजूरावांनी सुरुवातीलाच पक्की केली. टाइपस्क्रिप्टची मला पटलेली ओळख कुंचलेबाईंनी करून दिली, आणि ती त्यांनी यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली होती की पाठ झाली होती. "स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहिलेली असतात ना, तसं. साखरेच्या डब्यात मीठ भरायला गेलात की आधीच ओरडतं. चव बिघडेपर्यंत थांबत नाही."

"आणि डब्यात काय आहे ते ठाऊकच नसेल तर?" मी विचारले.

"तर वर 'एनी' लिहायचं," तराजूराव पडद्यावरून नजर न हटवता म्हणाले. "म्हणजे काहीही. काहीही भरा. आळशी माणसाचा डबा."

कोणत्या प्रकल्पात हा 'एनी' किती वेळा आला, याची तक्त्यात स्वतंत्र ओळ आहे, सतरावी. तिच्यापुढे ती आली त्या आवृत्तीपासून वजा चिन्ह आहे: जितके 'एनी' जास्त, तितके काम ढिले.

पहिल्या आठवड्यात चौदा प्रकल्प होते. कोणाला किती लोकांनी पसंतीचे तारे दिले, कोणाकडे किती तक्रारी तुंबल्या आहेत, शेवटची दुरुस्ती कधी झाली, सगळे नोंदवले गेले. पण ताऱ्यांवर यांचा विश्वास बसेना. तारा देणाऱ्यांपैकी आठ जणांना यांनी पत्रे पाठवून विचारले, की आपण तारा का दिलात. तीन उत्तरे आली, तिन्ही फाइलमध्ये आहेत. एकाला प्रकल्प नंतर वाचायचा होता. एकाचा हात चुकून लागला होता. तिसऱ्याने उलट विचारले, "कोणता प्रकल्प?"

पहिल्या आठवड्याअखेर दोन उरले. दोघांची खरी नावे एकाच धाटणीची होती आणि बोलताना त्यांची अदलाबदल होई, म्हणून खोलीत त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू लागले. थोरला सात वर्षांचा: तारे भरपूर, तक्रारी दोन हजारांवर, उत्तर आठवड्याने. धाकटा दीड वर्षाचा: मांडणी नेटकी, तक्रारी चाळीस, उत्तर तासाभरात. आणि इथे गोंधळ सुरू झाला, कारण मूळ कामात या दोघांत काही केल्या फरक सापडेना. संग्रहातल्या पहिल्या पन्नास नोंदी दोघांना दिल्या; दोघांनी सारख्याच वेगाने, सारख्याच दाखवल्या. 'एनी' मोजले: थोरल्यात चारशे बारा, धाकट्यात चारशे नऊ. समासात पेन्सिलीने लिहिले आहे, 'या धंद्यातले सरासरी ढिलेपण असावे'. त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या निळ्या शाईत: 'असावे?'

कधी सकाळी थोरला बरा वाटे, जेवणानंतर धाकटा. आवृत्ती सतरा ते एकवीस या पाच दिवसांत निष्कर्षाचा रकाना नऊ वेळा खोडला आहे. आपण शांत होतो असे ते आज सांगतात. कागद तसे सांगत नाही.

घरी वेगळा प्रकार. त्यांची पत्नी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिचा दिवस एकाच प्रश्नात जातो: समोरच्याच्या डोळ्यापुढे एक भिंग, मग दुसरे, आणि "आता बरं दिसतं की आधी?" घरी आल्यावर यांनी तिला तोच प्रश्न थोरल्या-धाकट्याबद्दल विचारला, तेव्हा ती हसली असे दोघेही सांगतात. का हसली, याबद्दल दोघांचे म्हणणे वेगळे आहे.

"अहो, दहाव्या भिंगानंतर माणूस काहीही सांगतो," ती म्हणाली. "मग मी काय करते माहीत आहे? तेच भिंग काढते, पुसते आणि परत लावते. आणि विचारते, आता की आधी? निम्मे लोक ठामपणे सांगतात, आता! लगेच कळतं, की आता याला चहा पाजून पाठवायला हवं."

"हे फसवणं झालं."

"फसवणं कसलं? डोळा थकला की नाही ते तपासणं झालं. तुमचाही नंबर तपासायला झाला आहे. कागद नाकाला लावून वाचता."

"हे काम संपू दे."

"तुमचं काम आणि संपणं!"

बुधवारी एक चूक उपयोगी पडली. तारीख नसलेली एक नोंद त्यांनी दोन्ही प्रकल्पांत घालून पाहिली. दोघांनी ती नाकारली आणि पडद्यावर इंग्रजीत कारण दाखवले. दोन पडदे शेजारी शेजारी होते. कुंचलेबाई पाण्याची बाटली भरायला उठल्या होत्या, त्या मागे थांबल्या.

"यात स्पेलिंग चुकलंय," त्या म्हणाल्या. "दोन अक्षरं उलटसुलट झाली आहेत."

"कुठल्यात?"

"दोन्हीत."

"सगळेच तो शब्द चुकवतात."

"आणि पूर्णविरामानंतर दोन वेळा जागा सोडलीये. तीपण दोन्हीत. तीपण सगळेच सोडतात का?" त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "तराजूराव, माझ्याकडे दोन प्रिंट आले, दोन वेगळ्या घरांतून, आणि दोन्हींवर एकाच जागी एकच ओरखडा असला, तर मी काय म्हणेन?"

"काय?"

"निगेटिव्ह एक."

तराजूरावांनी धाकट्याच्या परवान्याची फाइल उघडली. मुक्त प्रकल्पासोबत एक परवाना असतो. हा कोड कोणाचा आणि तुम्हाला त्याचे काय करता येईल, हे त्यात लिहिलेले असते. तक्त्यातली अकरावी ओळच आहे, 'परवाना आहे का?' आणि दोन्ही स्तंभांत 'आहे' लिहून बरोबरची खूण केलेली आहे. चौदा वेळा ती खूण केली, पण फाइल एकदाही उघडली नव्हती. प्रश्न 'आहे का' एवढाच होता. धाकट्याच्या परवान्यात वरून दुसऱ्या ओळीत थोरला सांभाळणाऱ्या मंडळींचे नाव होते. धाकट्याने थोरल्याचा सगळा कोड दीड वर्षापूर्वी उचलला होता, नावे बदलली होती, आणि परवान्याच्या अटीप्रमाणे मूळ मालकांचे नाव ठेवले होते. लपवाछपवी काहीच नव्हती. वाचले नव्हते, एवढेच.

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही एकाच माणसाला आरशात पाहून म्हणत होतात, हा उंच की तो?" कुंचलेबाई म्हणाल्या.

"दीड आठवडा," तराजूराव म्हणाले. "पहिल्या आठवड्यात बाकीचे बारा होते."

मला अपेक्षा होती की ते खचतील. उलट त्या दिवशी ते तीन वर्षांत प्रथमच वेळेवर घरी गेले. दोघे एकच असतील तर कोणताही चालेल, आणि कोणताही चालत असेल तर ज्याचे उत्तर लवकर येते तो घ्यावा. गुरुवारी सकाळी त्यांनी संचालकबाईंना एका ओळीची चिठ्ठी पाठवली: 'धाकटा घ्यावा.' त्या संस्थेत त्यांच्या अक्षरातली ही बहुधा पहिलीच एका ओळीची चिठ्ठी असावी. दुसरी मला सापडलेली नाही.

गुरुवारी संध्याकाळी ते पत्नीच्या दुकानात डोळे तपासायला गेले. पुढचा प्रसंग दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितला आणि या वेळी तपशील जुळतात.

ते खुर्चीत बसले. तिने भिंग लावले, काढले, पुन्हा लावले. "आता की आधी?"

"दोन्ही एकच," ते लगेच म्हणाले. "तुझी युक्ती मला ठाऊक आहे. पुसून तेच लावलंस."

"नाही हो. या वेळी वेगळं होतं."

"उगाच काहीतरी."

"पावाचा फरक होता. पाव नंबर." तिने दोन्ही भिंगे त्यांच्या तळहातावर ठेवली. "बोटांनी कळायचं नाही. पण महिनाभर चुकीचं घातलंत तर डोकं धरून बसाल. मी एकदा तेच भिंग लावते असं सांगितलं, म्हणून तुम्ही बघायचंच सोडलंत की काय?"

त्यांनी दोन्ही भिंगे दिव्याकडे धरून पाहिली. मग म्हणाले, "चारशे बारा. आणि चारशे नऊ."

"हा कुठला नंबर?"

"तीनचा फरक आहे. निगेटिव्ह एकच असेल, तर तीन कुठे गेले?"

शुक्रवारी सकाळी आठला ते कार्यालयात होते. नावे सगळीकडे बदललेली असल्यामुळे दोन्ही कोड ओळीला ओळ लावून पाहण्यात अर्थ नव्हता. त्यांनी फक्त 'एनी' शोधले आणि दोन्ही याद्या शेजारी मांडल्या. नऊ वाजायच्या आत ती तीन ठिकाणे सापडली. नोंदीत ठरलेल्या रकान्यांखेरीज स्वतःचा एखादा रकाना जोडायचा असेल, तर त्यात काय येईल, याबद्दलची ती तीन ठिकाणे होती. थोरल्याने तिथे 'काहीही' लिहून सोडून दिले होते. धाकट्याने ते शिस्तीत आणले होते: तिथे मजकूर एकच असला पाहिजे, एकाहून जास्त आले तर पहिला ठेवावा, बाकीचे गाळावेत. डब्यावर व्यवस्थित नाव घातले होते.

आणि 'पाठ' हा त्यांनी स्वतः जोडलेला रकाना होता. बहुतेक पाठींवर एकाच हाताचा मजकूर असतो. पण दोन हजार तीनशेच्या आसपास पाठी अशा आहेत की ज्यांवर दोन किंवा तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिले आहे, आणि तराजूरावांनी प्रत्येक हात वेगळा नोंदवला आहे. (हा आकडा त्यांचा. मी मोजले तेव्हा दोन हजार दोनशे एक्याण्णव आले. फरक आमच्यापैकी कोणाचा, हे अजून ठरलेले नाही.) चाचणीसाठी घेतलेल्या पहिल्या पन्नास नोंदी एका स्टुडिओच्या अल्बममधल्या होत्या आणि त्यांतल्या एकाही फोटोच्या मागे काही लिहिलेले नव्हते. पन्नास का, तर यादीत त्या प्रथम होत्या म्हणून.

अकराच्या बैठकीत मी मागच्या खुर्चीवर होतो. संचालकबाईंसमोर कालची चिठ्ठी होती.

"तर धाकटा," त्या म्हणाल्या. "ठरलं. पुढचा विषय..."

"थोरला, मॅडम."

"अहो, काल तुम्हीच लिहून दिलंत."

"काल ते दोघे एकच होते."

"आणि आज?"

"आजही एकच आहेत. फक्त तीन जागी नाहीत."

कोणीतरी हसले. संचालकबाई हसल्या नाहीत. "मला एक सांगा. तुमच्याच तक्त्यात म्हटलंय की थोरल्याचं काम जास्त ढिलं. वजा चिन्ह घातलंय. मग ढिला आहे म्हणून घ्यायचा?"

तराजूरावांनी लिफाफ्यातून एक फोटो काढून टेबलावर पालथा ठेवला. मागे जाड निळ्या शाईत लिहिले होते: 'आत्या, सहलीला.' त्याखाली पेन्सिलीने, बारीक आणि जरा रागीट अक्षरात: 'आत्या नाही, मावशी.'

"धाकट्यात वरचं राहील," ते म्हणाले. "खालचं जाईल. आणि गेलं हे कुणाला कळणारही नाही."

संचालकबाईंनी फोटो सुलटा केला. ऊन डोळ्यांवर आलेली एक बाई. त्यांनी तो पुन्हा पालथा केला, दोन्ही ओळी वाचल्या. "मग ही नक्की आहे कोण? आत्या की मावशी?"

"ते माहीत नाही. माहीत असतं तर एकच ओळ ठेवली असती."

संचालकबाईंनी चिठ्ठीवरचा 'धाकटा' खोडून वर 'थोरला' लिहिले आणि खाली सही केली. "आणि हा थोरला उद्या थकला तर?"

"तर धाकट्याकडे जाऊ, आणि तेवढी तीन ठिकाणं आपण बदलून घेऊ."

"हे तक्त्यात आहे?"

"नाही. आत्ताच सुचलं."

त्या महिन्याअखेर नोंदी हलवल्या. पाठी सगळ्या आहेत; मी स्वतः दोनशे तपासल्या आणि त्या यादीत सुरुवातीच्या घेतल्या नाहीत. निळ्या शाईचा मजकूर वर दिसतो, पेन्सिलीचा खाली, हात पहिला आणि हात दुसरा असे वेगळे लिहून.

पण सतराव्या ओळीचा प्रश्न राहिला. तेविसाव्या आवृत्तीत 'एनी'पुढचे वजा चिन्ह खोडलेले आहे आणि त्याजागी काहीच घातलेले नाही. मी कारण विचारले. "वजा म्हणावं, तर त्याच्यामुळेच पाठी वाचल्या," ते म्हणाले. "अधिक म्हणावं, तर उद्या माझ्या खुर्चीत बसेल तो त्या रकान्यात खरोखरच काहीही भरेल. तुम्ही संशोधक आहात, तुम्ही सांगा, काय लिहू?"

मलाही ठरवता आले नाही.

थोरल्यातल्या त्या चुकीच्या स्पेलिंगची दुरुस्तीही त्यांनी तयार करून ठेवली आहे, दोन अक्षरांची, पण अजून पाठवलेली नाही. कुंचलेबाई रोज विचारतात, "काय तराजूराव, गेलं का पत्र?"

"अहो, तो ओरखडा पुसला," ते नवा चष्मा नाकावर वर सरकवत म्हणतात, "तर पुढच्या माणसाने निगेटिव्ह ओळखायची कशावरून?"